लेसर-संमीलन : ऊर्जेसाठी की अण्वस्त्रांसाठी?

अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेसर-शलाकांच्या साहाय्याने मोहरीएवढ्या इंधनगोळीत अणुसंमीलन घडवून आणण्यात आले. लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडली आणि ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडली. भांडवली वृत्तपत्रांनी लगोलग अमर्याद विजेच्या युगाची दवंडी पिटली. शास्त्रज्ञांचे हे यश निर्विवाद मोठे आहे. परंतु त्या दवंडीत दोन गोष्टी दबून गेल्या.

पहिली गोष्ट हिशेबाची. ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. शिवाय वीजकेंद्र चालवावयाचे तर असे स्फोट दर सेकंदाला अनेकदा, अखंड घडवावे लागतील. समुद्राच्या पाण्यातील ड्यूटेरियम विपुल आहे. पण ट्रिटियम मात्र लिथियमपासून तयार करावे लागते.

दुसरी गोष्ट मालकीची. या प्रकल्पाचा पैसा येतो तो अमेरिकेच्या अण्वस्त्रसाठ्याची देखभाल करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून. १९९२ नंतर अमेरिकेने अणुचाचणी केलेली नाही. तेव्हापासून बॉम्बची विश्वासार्हता तपासणे हेच या संशोधनाचे मुख्य प्रयोजन राहिले आहे. सर्वंकष चाचणीबंदी करारास १९९९ मध्ये अमेरिकी सिनेटने मान्यता नाकारली, हेही विसरता येत नाही.

वस्तुतः लेसरने संमीलन घडविण्याची कल्पना मांडणाऱ्यांत सोव्हिएत शास्त्रज्ञ बासोव अग्रभागी होते. १९६८ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतील त्यांच्या गटाने लेसरच्या माऱ्यातून न्यूट्रॉन मिळविल्याचे जाहीर केले. त्याआधी, १९५६ मध्ये, कुर्चातोव यांनी ब्रिटनमधील हारवेल येथे सोव्हिएत संमीलन-संशोधन जगापुढे उघड मांडले होते. उलट लेसर-संमीलनातील कळीचे तंत्र अमेरिकेने १९९० च्या दशकापर्यंत गोपनीयतेच्या कुलपात ठेवले.

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे होमी भाभा यांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलन साध्य होईल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, कारण निसर्गाने घातलेले कोडे खरोखरच बिकट आहे. पण म्हणूनच ते एका राष्ट्राच्या लष्करी गुपितात वा मूठभर भांडवलदारांच्या पेटंटांत बंदिस्त राहता कामा नये. इंदूर आणि गांधीनगर येथे लेसर व प्लाझ्मा या क्षेत्रांत काम करणाऱ्या सार्वजनिक संस्था भारतापाशी आहेत. त्यांना भरघोस निधी द्यावा, हे संशोधन खुले व आंतरराष्ट्रीय असावे आणि त्याची फळे जनतेच्या मालकीची असावीत, ही मागणी विज्ञानप्रेमींची आहे, तशीच शांतताप्रेमींचीही आहे.