माजी विद्यार्थ्यांचे संमेलन : निमंत्रण कोणास?

माजी विद्यार्थ्यांची संमेलने भरविण्याची प्रथा आपल्या गोमंतकात आता चांगलीच रुजली आहे. शाळा सोडून पन्नास वर्षे झालेली मंडळी एकत्र जमतात, गुरुजनांस शाल-श्रीफळ अर्पण करतात, दिवंगतांचे स्मरण करतात आणि शाळेस एखादे कपाट किंवा पंखे भेट देतात. हे सारे स्तुत्यच आहे. परंतु अशा संमेलनाची खरी कसोटी समारंभाच्या थाटात नसून निमंत्रणाच्या यादीत असते, असे माझे मत आहे.

ही यादी बहुधा कशी तयार होते? डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी, मुंबईस वा आखातात स्थिरावलेले गृहस्थ यांची नावे आधी सुचतात. ते आपल्या परिचितांची नावे सुचवितात. आठवीत नापास होऊन शाळा सोडलेला, पुढे खाणीवर ट्रक चालविलेला किंवा कुळागरात राबलेला सोबती या साखळीत सापडत नाही. मुलींची नावे तर दुहेरी हरवतात. लग्नानंतर आडनाव बदलते. आपल्याकडील रीतीप्रमाणे पुष्कळदा पहिले नावही बदलते. हजेरीपटावरच्या नावाने सासरच्या गावी त्यांना कोण ओळखणार?

आज ज्यांची अशी संमेलने भरतात, त्या पिढीच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर 1963 मध्ये श्री. दयानंद बांदोडकर यांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या सुमारास पहिलीत बसलेली मुले 1975 च्या आगेमागे शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचली. गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळही 1975 सालीच स्थापन झाले. यांतील कित्येक मुले आपल्या घरात पाटीवर अक्षर गिरविणारी पहिलीच होती. अशा घरातील मुलीने सातवीपर्यंत मारलेली मजल दुसऱ्याच्या पदवीहून कमी मोलाची का मानावी?

कोणी म्हणेल, ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांना बोलावून संकोचात का टाकावे? संकोच वाटेल, हे खरे. पण तो निमंत्रणाने नव्हे, संमेलनाच्या रीतीने उत्पन्न होतो. व्यासपीठावरून हुद्दे वाचले आणि देणग्यांचे आकडे पुकारले, की मागच्या रांगेतील माणूस आणखी मागे सरतो. त्याऐवजी हजेरीपटाच्या क्रमाने नुसती नावे पुकारावी. देणगी कार्यालयात मुकाट्याने द्यावी. मराठीतील भाषणे आटोपल्यावर पंगतीत कोकणी गप्पा रंगतात, तेव्हा कोणी कोणाचा हुद्दा विचारीत नाही. तोच मोकळेपणा व्यासपीठावर आणावयाचा आहे.

हरवलेली नावे शोधण्याचे साधन शाळेपाशीच आहे. जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची व शाळा सोडल्याची तारीख नोंदलेली असते. ‘शाळा सोडल्याचे कारण’ असाही एक रकाना त्यात असतो. यादीचा आरंभ या रजिस्टरापासून करावा. शिक्षकांनी त्यातील केवळ नावे उतरून काढावी आणि वाड्यावाड्यांवर चौकशी करावी.

विद्यार्थिमित्रहो, या कामी तुमचेही साहाय्य हवे. घरी आजीला तिचे माहेरचे नाव विचारा, ती कोणत्या शाळेत व कितवीपर्यंत शिकली तेही विचारा, आणि ते आपल्या वर्गशिक्षकांस कळवा. आजही तुमच्यापैकी कोणी अभ्यासात मागे पडला असेल, शाळा सोडण्याचा विचार त्याच्या मनात घोळत असेल. शाळेचा दरवाजा कोणासाठी उघडतो, हे तो संमेलनाच्या दिवशी पाहत असतो. सातवीत शाळा सोडलेल्या एखाद्या आजीचे नाव त्या दिवशी सन्मानाने पुकारले गेले, तर ही शाळा आपलीही आहे हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.