पूर, पेढी आणि पर्यायी वखार

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. व्यापारी पेठा बुडाल्या आणि कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. जुलै २०२१ मध्ये महामार्ग तेथेच पुन्हा अडला. दुकानही पाण्यात आणि रस्ताही, अशी ही दुहेरी कोंडी.

माल उंचावरील वखारीत हलविणे योग्यच. परंतु विमा सर्वसाधारणपणे पॉलिसीत नोंदविलेल्या जागेतील मालालाच लागू असतो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. म्हणून पर्यायी वखारीचा पत्ता पावसाळ्यापूर्वीच पॉलिसीत आणि जीएसटी नोंदणीत घालून घ्यावा. हप्ता वाचविण्यासाठी कमी रकमेचा विमा उतरविणे ही तर फार महागडी काटकसर. ४० लाखांच्या मालाचा विमा २० लाखांचाच असेल आणि १० लाखांचे नुकसान झाले, तर प्रमाणाच्या नियमाने ५ लाखच हाती येतात.

वाटेत अडकलेल्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत, ती संपण्यापूर्वीच्या वा नंतरच्या ८ तासांत वाढवून घेता येते. हे काम बहुधा वाहतूकदाराचे. त्याला आठवण मात्र पेढीने करावी.

दिवाळीत जिचे पूजन होते त्या वहीची, साठ्याच्या नोंदीची आणि पॉलिसीची प्रत परगावच्या आप्तांकडे असावी. दावा तपासणारा सर्वेक्षक प्रथम तीच मागतो. उधारीची यादीही त्याच प्रतीसोबत ठेवावी. पाणी ओसरेपर्यंत निदान वसुली तरी चालू राहते.