बंद घरांतील भूक कोण मोजणार?

बीड जिल्ह्यातील किती कुटुंबांना पोटभर अन्न मिळत नाही, याचे थेट उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडत नाही. या पाहणीत बालकांची उंची व वजन मोजले जाते, हिमोग्लोबिन तपासले जाते. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली. २०१५-१६मध्ये हे प्रमाण ३४.४ टक्के होते. मात्र खुंटलेल्या वाढीमागे आजारपण, दूषित पाणी आणि मातेचे आरोग्य ही कारणेही असतात. घरातील धान्य कधी संपले, हे वजनकाटा सांगत नाही.

त्यासाठी कुटुंबालाच विचारावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ८ प्रश्नांची प्रश्नावली २०१४पासून जगभर वापरली जाते. अन्न पुरेल की नाही याची चिंता, तेच ते खाणे, एखादे जेवण टाळणे, दिवसभर उपाशी राहणे अशा क्रमाने ती टंचाईची तीव्रता ठरवते. दरमहा माणशी ५ किलो मोफत धान्य मिळणाऱ्या घरातही डाळ-भाजीची वानवा असू शकते; ती अशा प्रश्नांतूनच उघड होते.

बीडची अडचण मात्र प्रश्नांपुरती मर्यादित नाही. पाचव्या फेरीचे राज्यातील काम जून ते डिसेंबर २०१९ या काळात झाले. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे येथील लाखो ऊसतोड मजूर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. दाराला कुलूप असेल तर मुलाखत होत नाही आणि कारखान्याच्या तळावरील कोपी घरयादीत क्वचितच येते. परिणामी सर्वाधिक जोखमीचे कुटुंबच गणतीतून निसटते.

नेमकेपणाने शोधले तर वास्तव समोर येते, हे बीडनेच दाखवले आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजल्यानंतर जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. सर्वसाधारण सरासरीत हे दडून राहिले असते.

भुकेची मोजणीही याच मार्गाने शक्य आहे. मजूर गावी असताना एकदा आणि तळावर असताना पुन्हा एकदा, हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत. अन्यथा शिधा, अंगणवाडी व पोषण आहाराच्या योजना गावात राहिलेल्यांच्या आकड्यांवरच आखल्या जातील.