वेसाव्यात घरांआधी वलांड्या मोजा

वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात कौलारू घर आता शोधावं लागतं. कुडाच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर गेलं, मंगलोरी कौलं आली. पुढे होड्यांना इंजिनं बसली, हाती पैसा खेळू लागला आणि कौलांच्या जागी स्लॅब पडला. हे सारं कोळ्यांनी आपल्या कमाईतून केलं. तेव्हा ‘जुनं रूप जपा’ असं अंधेरीतल्या उंच इमारतींतून सांगणं मला पटत नाही. घर तेवढंच आणि माणसं वाढलेली. वर एखाददुसरा मजला चढवायची मागणी रास्तच आहे. 2011 च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेनेही बृहन्मुंबईतल्या कोळी वस्त्यांचे नकाशे करून तिथे घरबांधणी आणि पुनर्बांधणीला वाट दिली.

पण वाढीव एफएसआयच्या, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीच्या, मागोमाग बिल्डर येतो, तेव्हा हिशेब बदलतो. प्रशस्त फ्लॅट, लिफ्ट, घरात नळ हे कुणालाही हवंच. मात्र सातव्या मजल्यावर जाळं पसरता येत नाही, की बोंबील सुकवता येत नाही.

बोंबील कसा सुकतो ते पाहा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, दोरीवर टांगायची. ऊन आणि खाडीचा वारा मोकळा मिळाला तर माल चांगला सुकतो, नाहीतर वास मारतो. सुकवणं आणि विकणं मुख्यतः बायकांचं, म्हणून वलांडीची जागा गेली की आधी त्यांच्या हातचा पैसा जातो. ही जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची, पण कागदावर कोळ्यांचं नाव क्वचितच. नकाशात ती नुसती रिकामी दिसते आणि रिकाम्या जागेवर मुंबईत कुणाचाही डोळा असतो.

म्हणून कोळीवाड्याच्या सीमांकनात घरांबरोबर वलांड्या, होड्या ओढायचा किनारा आणि जाळी दुरुस्त करायची जागा धरलीच पाहिजे. ते झाल्यावर ज्याचं घर त्याने, ठरलेल्या उंचीपर्यंत, स्वतः बांधावं. यात काही कुटुंबांना टॉवरपेक्षा कमी चौरस फूट मिळतील. हा तोटा खरा आहे आणि त्यांना तो आधीच स्पष्ट सांगावा. घरदुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळालं तर तो थोडा भरून निघेल.

मोजणी मात्र पावसाळ्यात नको. तेव्हा वलांड्या ओस असतात. हिवाळ्यात, बोंबील टांगलेले असताना, कोळणींना सोबत घेऊन मोजणीदारांनी वेसाव्यात यावं.