ग्राउंड झीरो : नाव कोणाचे, हक्क कोणाचा?

मंडळाच्या गेल्या मेळाव्यात एका वक्त्यांनी टाळ्यांचे वाक्य टाकले. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहराला आपली पडलेली इमारत उभी करायला तेरा वर्षे लागली, आपल्या मुंबईने मात्र तीन आठवड्यांत ताज उघडून दाखवले! सभागृह खूष झाले. आम्हीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारचे वाजवत होते. पण काचीगुड्याला घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिले, आणि ते खरे नाही असे आमचे ठाम मत झाले.

आधी हिशेब सरळ करू. २००८ च्या डिसेंबरात, २१ तारखेला उघडला तो ताजचा टॉवरचा भाग. जुनी घुमटाची इमारत पूर्णपणे खुली व्हायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. शिवाय ताज एका मालकाचे हॉटेल आहे. न्यूयॉर्कला १६ एकरांवरच्या सात इमारती गेल्या, २७५३ माणसे गेली. या दोन कामांची शर्यत लावण्यात काय शहाणपण? तरीही आमचा मुद्दा केवळ तारखांचा नाही. तिकडे उशीर झाला तो कशामुळे, हे वक्त्यांनी सांगितले नाही. त्यातला काही उशीर लाजिरवाणा होता, आणि काही उशिराबद्दल त्या शहरासमोर हात जोडावेत असा होता.

लाजिरवाणा भाग आम्हाला, बँकेत कारकुनी करणाऱ्यांना, लवकर कळतो. जागा पोर्ट ऑथॉरिटीची, म्हणजे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांच्या संयुक्त सरकारी संस्थेची. तिने २४ जुलै २००१ रोजी हे संकुल लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्या गटाला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. व्यवहार ३२० कोटी डॉलरचा, आणि सुरुवातीला भरलेल्या रकमेतलाही मोठा भाग कर्जाऊ. सात आठवड्यांनी सगळे कोसळले. करार मात्र उभाच! वर्षाला दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त भाडे चालूच, आणि जितक्या चौरस फुटांची कार्यालये गेली तितकी पुन्हा बांधण्याचा भाडेकरूचा हक्कही चालूच.

विम्याची गोष्ट तर आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचावी. संरक्षण होते एका घटनेला ३५५ कोटी डॉलरचे. दोन विमाने म्हणजे एक घटना की दोन? दोन धरल्या तर ७१० कोटी. आणि गंमत अशी की हल्ल्याच्या दिवशी बहुतेक विमा कंपन्यांनी अंतिम पॉलिसीचा कागदच दिलेला नव्हता, नुसते तात्पुरते करारपत्र होते. मग कोणता मसुदा लागू, त्यात 'घटना' या शब्दाची व्याख्या आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वकील भांडले. २००४ मध्ये एका ज्यूरीने काही कंपन्यांपुरती एकच घटना ठरवली, त्याच वर्षी दुसऱ्या ज्यूरीने इतर कंपन्यांपुरत्या दोन ठरवल्या. शेवटी २००७ मध्ये सुमारे साडेचारशे कोटींवर तडजोड झाली. तोवर ढिगारा उपसून झालेला, आणि खड्डा तसाच.

पुढाऱ्यांनीही आपला हातभार लावला. ४ जुलै २००४ ला, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, 'फ्रीडम टॉवर'ची वीस टन वजनाची कोनशिला बसवली. भाषणे झाली. पुढच्याच वर्षी पोलिसांनी सांगितले की ट्रकमधल्या बॉम्बपुढे या आराखड्याचा निभाव लागणार नाही. आराखडा बदलला, कोनशिला भलत्याच जागी ठरली, आणि २००६ मध्ये ती गुपचूप उचलून शहराबाहेर नेऊन ठेवली. कोनशिला बसवून काम विसरणारे पुढारी फक्त आपल्याकडेच असतात असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. टॉवरचे नावही २००९ मध्ये साधे 'वन वर्ल्ड ट्रेड सेंटर' झाले, आणि तो उघडला नोव्हेंबर २०१४ मध्ये.

रेल्वे स्थानकाबद्दल एवढेच सांगतो की अंदाज २२० कोटी डॉलरचा होता, २००९ पर्यंत पुरे होणार होते, प्रत्यक्षात २०१६ मध्ये उघडले आणि खर्च ४०० कोटींच्या घरात गेला. पंखांसारखे उघडझाप करणारे छप्पर आधीच रद्द झाले होते. २०११ मध्ये पोर्ट ऑथॉरिटीने पुलांचे नि बोगद्यांचे टोल वाढवले, तेव्हा दिलेल्या कारणांत या जागेचा खर्चही होता. म्हणजे रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशातून. आणि टॉवर कोसळला त्याखाली चिरडलेले सेंट निकोलस नावाचे छोटे ग्रीक चर्च? ते पुन्हा उघडायला २०२२ चा डिसेंबर लागला. मध्ये पैसे संपले म्हणून काम बंद पडले होते.

आता हात जोडण्याचा भाग. जुलै २००२ मध्ये सरकारी महामंडळाने सहा आराखडे मांडले. सहाही एकाच पठडीतले, कार्यालयेच कार्यालये, कारण भाडेपट्ट्यात तेवढे चौरस फूट लिहिलेले होते. २० जुलैला जाविट्स सेंटरमध्ये चार हजारांहून अधिक नागरिक गोल टेबलांभोवती बसले. त्यांत मृतांचे नातेवाईक होते, वाचलेले होते, आसपास राहणारे होते. त्यांनी सहाच्या सहा आराखडे नाकारले. आणि महामंडळाला ते मागे घ्यावे लागले! आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोठा दिवस. नवी स्पर्धा झाली, २००३ मध्ये डॅनियल लिबेस्किंड यांचा आराखडा निवडला गेला. (त्याचेही पुढे धनिकांनी लचके तोडले, ते सोडा.)

स्मारकासाठी वेगळी, खुली स्पर्धा ठेवली. ६३ देशांतून ५२०१ प्रवेशिका आल्या. तेरा जणांच्या निवड समितीत एका मृताची पत्नीही होती. जानेवारी २००४ मध्ये निवडला गेला तो मायकेल अराड, त्या वेळी शहराच्या गृहनिर्माण खात्यातला, कोणाला फारसा ठाऊक नसलेला नोकरदार वास्तुविशारद. पडलेल्या दोन्ही टॉवरांच्या जागा मोकळ्याच ठेवायच्या, तिथे पाणी खोल पडत राहील, आणि काठावर ब्राँझमध्ये नावे, ही त्याची कल्पना. ज्या जमिनीचा चौरस फूट न् चौरस फूट भाड्याने जाऊ शकत होता, तिथे जवळजवळ एकेका एकराची दोन कुंडे कायमची रिकामी राहिली.

नावांचा क्रम कसा लावायचा यावरही वर्षानुवर्षे वाद झाला. वर्णानुक्रमे लावा, चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लावा, अग्निशमन दलाच्या जवानांचा हुद्दा लिहा, लिहू नका. वक्त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण त्यातून ठरले असे की कोणाचे नाव कोणाशेजारी हवे हे कुटुंबांना विचारावे. बाराशेहून जास्त विनंत्या आल्या. मित्राशेजारी मित्र, भावाजवळ भाऊ. एकूण २९८३ नावे, त्यांत १९९३ च्या बॉम्बस्फोटात गेलेले सहाजणही. हे काम तीन आठवड्यांत होत नाही, आणि होऊही नये.

आमच्या बँकेत मृत खातेदाराचे दावे हाताळताना एक गोष्ट रोज समजावून सांगावी लागते : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हाती रक्कम दिली की बँक मोकळी होते, पण तो वारसांच्या वतीने ती घेतो, वारस निराळे असू शकतात. सिल्व्हरस्टीन किंवा पोर्ट ऑथॉरिटी यांच्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो. कागदावर नाव त्यांचे. त्यांनी करार मोडून काढता पाय घेतला असता तर सगळा बोजा जनतेवर पडला असता, हेही आम्ही मान्य करतो, आणि भाडेकरूने आपल्या इमारती बांधल्या हेही. पण वारस होते ते जाविट्स सेंटरमधल्या टेबलांभोवती बसलेले. ते हट्टाने बसले म्हणून त्यांच्या वाट्याला पाणी आणि नावे आली. जिथे त्यांना कोणी विचारले नाही, तिथे काय झाले तेही पाहा. २०१४ मध्ये संग्रहालय उघडले ते २४ डॉलरच्या तिकिटाने. ओळख न पटलेले अवशेष त्या संग्रहालयाच्या पोटात, जमिनीखाली सत्तर फुटांवर नेले, तेव्हा काही नातेवाईक तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून उभे होते.

आता आपल्या दाराशी येऊ. २५ ऑगस्ट २००७, शनिवारची संध्याकाळ. लुंबिनी पार्क आणि कोठीचे गोकुल चाट, चाळीसहून अधिक माणसे गेली. कोठी म्हणजे आपला सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार. पिढ्यान् पिढ्या आपली घरे तिथे. दुकान पुन्हा सुरू झाले, ते व्हायलाच हवे होते; ज्याचा धंदा आहे त्याने तो चालवावा, त्यात आमची काही तक्रार नाही. आम्ही स्वतः काही महिन्यांत तिथे जाऊन उभ्याने खाऊन आलो आणि पैसे देऊन निघालो. शेजारी कोण उभे होते, त्या संध्याकाळी कोण उभे होते, हा विचार मनाला शिवला नाही. यालाच पुढे मेळाव्यात 'स्पिरिट' म्हणायचे?

मुंबईच्या लिओपोल्डमध्ये निदान गोळ्यांच्या खुणा ठेवल्या आहेत. त्या पाहायला परदेशी पाहुणे येतात. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सर्वांत जास्त माणसे गेली, पण मेळाव्यातल्या वाक्यात स्थानक नव्हते, हॉटेल होते. गावी जायला गाडीची वाट पाहत बसलेल्यांची नावे कोणत्या क्रमाने लिहावीत, असा प्रश्न त्यांच्या घरच्यांना कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि आपण, दोन-तीन पिढ्या या शहरात मुरलेली, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब छापणारी माणसे, आपणही कोठीबद्दल कोणाला काही विचारले नाही.

म्हणून आम्ही कार्यकारिणीला पत्र दिले आहे. त्या संध्याकाळी कोठीला किंवा लुंबिनीला ज्या सभासद-कुटुंबांचे कोणी गेले वा जखमी झाले, त्यांच्याकडे मंडळाने स्वतः जावे, त्यांना काय हवे ते लिहून घ्यावे, आणि त्यांची तयारी असेल तर तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन महापालिकेकडे एकत्र अर्ज करावा. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेत घ्यावा, अशी विनंती केली आहे. पत्राची पोच आमच्याकडे आहे.