पाच इंची रिमवर रुंद टायर



'टायर जितका रुंद, तितकी गाडी रस्ता धरून चालते' हे जळगावच्या एका वाचकाचे पत्रातले म्हणणे अर्धेच खरे आहे. मीही तेच ऐकून १८५/६५ आर १५ काढले आणि त्याच पाच इंची रिमवर २०५/६५ चढवले. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाताना स्टिअरिंग आधी वळे, गाडी क्षणभराने. रिम अरुंद, म्हणून टायरच्या भिंती दोन्हीकडे फुगलेल्या. वळणावर आधी त्या लवत. २०५ला किमान साडेपाच इंची रिम लागते. शिवाय ६५ म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत; रुंदी वाढली की उंचीही वाढते. त्यामुळे व्यास २६ मिलिमीटरने वाढला, आणि वेगाचा काटा पूर्वीपेक्षा सुमारे चार टक्के कमी दाखवू लागला.

योग्य रिमवर, कोरड्या डांबरावर रुंद टायर पकड देतो, हे मान्य. पण पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेली आपली काळी माती? तिथे अरुंद टायर चिखल कापतो, रुंद त्यावर तरंगतो.

हवेबद्दल त्यांच्या पत्रात एक शब्दही नाही, याचे वाईट वाटले. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून कृपया कोणी काढू नये.

मी जुनेच माप पुन्हा बसवले आहे.

— एक वाचक, धुळे