फोनला आपलं कॉलेज ओळखता यायला हवं

निपाणीची मुलं अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात तेव्हा कर्नाटकातून महाराष्ट्रात जातात. गाव बेळगाव जिल्ह्यात, कॉलेज कागल तालुक्यात आणि विद्यापीठ कोल्हापूरचं, शिवाजी. इकडे बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान आणि राणी चन्नम्मा ही विद्यापीठं. शिक्षणासाठी रोज सीमा ओलांडणाऱ्या या भागाला 'एज्युरोम' सगळ्यात आधी हवं: आपल्या संस्थेच्या पासवर्डावर दुसऱ्या विद्यापीठाचं वायफाय वापरता येणं. युरोपात 2002 मध्ये सुचलेली ही व्यवस्था भारतात एर्नेट इंडिया ही संस्था सांभाळते. मोबाइल डेटा स्वस्त झाला, मग हे कशाला, असं विचारलं जातं. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला मुलीचा दरमहाचा रिचार्ज किरकोळ वाटत नाही.

या व्यवस्थेत यजमान विद्यापीठ पासवर्ड तपासतच नाही. '@' नंतरचं संस्थेचं नाव वाचून ते विनंती पुढे धाडतं आणि पासवर्डाची पडताळणी फोन व मूळ संस्थेचा सर्व्हर यांच्यातल्या बंदिस्त मार्गाने होते. मधल्या कोणाला पासवर्ड दिसत नाही. कच्चा दुवा फोनमध्ये आहे. पलीकडे खरोखर आपलं कॉलेज आहे का, हे फोन त्या सर्व्हरच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो. कॉलेजच्या सूचनापत्रकानेच 'प्रमाणपत्र तपासू नका' हा पर्याय निवडायला लावला, तर बसस्टँडवर कोणीही त्याच नावाचं नेटवर्क उभारावं आणि फोनने त्याला भुलावं. अशा वेळी हाती लागणारी, पासवर्ड पडताळण्याच्या एमएस-चॅप पद्धतीची देवाणघेवाण फोडता येते, हे 2012 मध्येच दाखवून झालं आहे. गूगलने 2020 च्या अखेरीस आपल्या पिक्सेल फोनांतून 'तपासू नका' हा पर्यायच काढला.

लहान कॉलेजांकडे तंत्रज्ञ नसतो, ही अडचण खरी आहे. पण सगळी सेटिंग्ज आपोआप बसवणारी फाइल तयार करण्याचं साधन सहभागी संस्थांना मोफत मिळतं. काही जुन्या फोनांवर ती चालणार नाही. त्या मुलांची गैरसोय होईल, पण त्यासाठी सगळ्यांचे पासवर्ड उघडे टाकता येत नाहीत. पाहुण्याने गैरवापर केला तर जबाबदार कोण, ही यजमानाची शंका अधिक वजनदार. तिथे यजमानाकडची वेळेची नि उपकरणाची नोंद मूळ संस्थेच्या नोंदीशी जुळवली की खातेदार सापडतो; भिंतीवर चिकटवलेल्या एकाच पासवर्डाच्या वायफायवर तो सापडत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संस्थांनी प्रवेशाच्या दिवशी ओळखपत्राबरोबरच ही फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये बसवून द्यावी, आणि तपासणी बंद करायला सांगणारं पत्रक कुठे असेल तर ते त्याआधी काढून घ्यावं.